सवलतीवर सवलत: गृहस्थांसाठी मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शन गंभीर अभ्यासकांसाठी आहे. घरातली साखर संपली म्हणून ज्यांना साखर आणायची आहे, त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात जावं, साखर घ्यावी आणि घरी यावं. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. मात्र साखर कधी संपते यापेक्षा साखरेवर सूट कधी येते हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं, आणि ती सूट चालू असताना वरून कूपन लावता आलं नाही तर ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी पुढे वाचावं.

शास्त्र नवं नाही. 1887 च्या सुमारास अमेरिकेत अटलांटा शहरी कोका-कोलाच्या एका पेल्याची फुकट कूपनं वाटली गेली, तिथपासून त्याचा इतिहास सांगतात. फुकट मिळालेल्या त्या पेल्याची किंमत जग अजून फेडत आहे, पण तो विषय वेगळा. पुढे अमेरिकेनेच यात मोठी प्रगती केली. उत्पादकाचं कूपन एक, दुकानाचं कूपन दुसरं आणि दुकानातला सेल तिसरा, असे तीन थर एकाच डब्यावर चढवायचे. या थर लावण्यात पारंगत झालेल्या गृहिणींवर टीएलसी वाहिनीने 2010 च्या दशकाच्या सुरुवातीला चक्क मालिका काढली. त्यात बायका गाडाभर सामान घेऊन काउंटरवर यायच्या आणि बिल आकसत आकसत काही डॉलरांवर यायचं. बघणाऱ्याला प्रश्न पडायचा तो एवढाच, की एका कुटुंबाला मोहरीच्या सॉसच्या इतक्या बाटल्या कशाला लागतात? हा प्रश्न ज्याला पडतो तो या मार्गावर फार पुढे जात नाही. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना मात्र असे प्रश्न पडत नाहीत. तिथल्या शॉपराइटचा ‘कॅन कॅन सेल’ 1971 पासून दर जानेवारीत भरतो आणि डबाबंद राजमा-छोले तळघरात रचायला त्यांना तेवढं निमित्त पुरतं.

आपल्याकडे तीन थर लावायची पद्धत थोडी निराळी आहे. तळाचा थर एमआरपीचा. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा आहे, पण ती किंमत किती छापावी हे कंपनीच ठरवते, आणि कमी घ्यायला दुकानदार मोकळा आहे. या दोन वाक्यांत आपल्या सगळ्या सेलचं मर्म आलं. बदामाच्या पाकिटावरची छापील किंमत एकदा वाचा आणि मग ते पाकीट त्या किमतीला विकत घेतलेला माणूस शोधून दाखवा. ती किंमत विकण्यासाठी नसतेच. ती खोडण्यासाठी असते. खोडलेला आकडा जितका मोठा, तितका घेणाऱ्याचा आनंद मोठा. साधकाने या आनंदाला नावं ठेवू नयेत, पण बदाम घेताना मार्केट यार्डातल्या भुसार दुकानातला सुटा भाव खिशात ठेवावा.

दुसरा थर दुकानाच्या सेलचा. त्याचं पंचांग पाठ हवं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सेल असतो, कारण तेव्हा पगार झालेला असतो. पंचवीस तारखेला जाऊन ‘काही ऑफर आहे का?’ विचारणाऱ्याला दुकानदार दयेने बघतो. मोठे मुहूर्त राष्ट्रीय सणांचे. 26 जानेवारी 2006 रोजी बिग बझारने ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर केला तेव्हा इतकी झुंबड उडाली की काही ठिकाणी शटरं खाली ओढावी लागली, आणि पुढच्या वर्षांत त्या एका दिवसाचे अनेक दिवस झाले. त्याच दुकानाने घरातली रद्दी, जुने कपडे, भंगार वजन करून घ्यायचं आणि बदल्यात कूपनं द्यायची, अशीही योजना काढली होती. रद्दीवाला देईल त्याच्या कितीतरी पट भाव! अट एवढीच, की कूपन वटवायला त्याच्या काही पट खरेदी करायची. माळ्यावरचं भंगार खाली गेलं आणि त्याच्या जागी नवं वर चढलं. 2022 मध्ये त्या साखळीची बरीच दुकानं रिलायन्सकडे गेली, पण प्रजासत्ताकाचा आणि डिटर्जंटचा जो संबंध तिथे जुळला तो आता तुटणं नाही.

(डीमार्टचे अनुयायी इथे हात वर करतील. 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान निघाल्यापासून त्या पंथाचं म्हणणं एकच: रोजच एमआरपीपेक्षा कमी, मग मुहूर्त कशाला? म्हणणं बरोबर आहे. पण मुहूर्त नाही, थर नाहीत, कसब नाही, फक्त रांग आहे. अशा बचतीत कर्तृत्व ते काय?)

तिसरा थर कूपनाचा, आणि खरी विद्या इथे आहे. कागदी कूपन कापून पाकिटात ठेवायचे दिवस गेले. आता कोड असतो. बँकेच्या कार्डावर दहा टक्के, अमुक वॉलेटवर कॅशबॅक, ॲपचा स्वतःचा कोड आणि सगळ्यांत रसाळ तो ‘पहिल्या ऑर्डरवर’ मिळणारा. पहिली ऑर्डर माणूस एकदाच देऊ शकतो, अशी कंपनीची समजूत आहे. तिला एकत्र कुटुंबपद्धतीची कल्पना नसावी. आईचा नंबर, बाबांचा नंबर, गावाकडच्या काकांचा नंबर, ज्यांनी जन्मात कधी ऑनलाइन काही मागवलं नाही त्या आजोबांचा नंबर, असे नवे ग्राहक प्रत्येक घरात दडलेले असतात. फक्त ओटीपी येईल तेव्हा आजोबांना दुपारच्या झोपेतून उठवावं लागतं, आणि ‘कसला नंबर? कोणाला सांगायचा नाही म्हणतात ना?’ या त्यांच्या रास्त शंकेचं निरसन करेपर्यंत कोडची मुदत संपते.

आता गणित. ज्यांनी शाळेत शेकडेवारीच्या तासाला खिडकीबाहेर पाहिलं, त्यांच्या जिवावर हा धंदा चालतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

‘50% + 20% सूट’ म्हणजे सत्तर टक्के नव्हे. हजाराचे आधी पाचशे होतात आणि मग त्या पाचशेवर वीस टक्के सुटतात, म्हणजे चारशे द्यायचे. सूट साठ टक्के झाली. मधल्या अधिक चिन्हाने दहा टक्के गिळले. ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे तेहतीस टक्के. ‘त्याच किमतीत 25% जास्त’ असं टूथपेस्टच्या खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं, त्याची खरी सूट वीस टक्केच, कारण शंभरच्या पैशात सव्वाशे ग्रॅम आले. आणि दोन कूपनं एकत्र चालत असतील तर क्रम महत्त्वाचा. हजाराच्या बिलावर आधी वीस टक्के आणि मग शंभर रुपये वजा केले तर सातशे होतात. आधी शंभर आणि मग वीस टक्के, तर सातशे वीस. क्रम कोणता लावायचा ते बहुतेक वेळा ॲपच ठरवतं, आणि ते कोणाच्या बाजूने ठरवतं हे सांगायला ज्योतिषी नको.

यात सरकारनेही आपल्याला एक शस्त्र दिलेलं आहे, ते कोणी उचलत नाही. वेष्टित मालाच्या नियमांत 2021 च्या नोव्हेंबरमध्ये दुरुस्ती झाली आणि पाकिटावर एककाची किंमत, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती रुपये, ते छापणं आलं. आता मोठं पाकीट खरंच स्वस्त आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. कळतं म्हणजे, चष्मा असेल तर. शिवाय एक किलोच्या आतल्या पाकिटावर भाव ग्रॅमचा आणि किलोच्या वरच्या पाकिटावर भाव किलोचा. त्यामुळे आठशे ग्रॅम आणि दोन किलो यांची तुलना करताना हजाराने गुणायची तयारी ठेवावी. मागच्या ट्रॉलीवाल्याला ‘एक मिनिट हं दादा’ म्हणावं आणि गुणावं. मोठं पाकीट महाग निघतं तेव्हा होणारा आनंद या शास्त्रातला सर्वोच्च आनंद होय.

आता ‘किमान खरेदी’ हे प्रकरण. इथे भलेभले साधक घसरतात.

समजा, बँकेचं कूपन आहे: पंधराशेच्या खरेदीवर दहा टक्के, कमाल दीडशे रुपये. आपली यादी होते अकराशे तीसची. तीनशे सत्तर कमी पडतात. सामान्य माणूस अकराशे तीस देऊन घरी जाईल. साधक मात्र यादीत भर घालतो. चिया सीड्स येतात. ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली येते. पॅनकेकचं पीठ येतं, जे ज्या घरात थालीपिठाची भाजणी आहे तिथे कधीच उघडलं जात नाही. बिल पंधराशे होतं, दीडशे सुटतात आणि साडेतेराशे जातात. म्हणजे अकराशे तीसच्या जागी साडेतेराशे, वरचे दोनशे वीस. पण बिलाच्या तळाशी काय छापून येतं? ‘या खरेदीत तुमची बचत: ₹150.’ हा कागद फ्रिजवर चुंबकाने लावावा. दोनशे वीस कुठेच छापलेले नसल्यामुळे ते गेलेच नाहीत, असं शास्त्र मानतं.

यजमानीणबाईंनी ‘ते दीडशे आहेत कुठे?’ असं विचारल्यास चर्चा वाढवू नये.

कूपन वटवायला भर घालायचीच असेल, तर ती अशा वस्तूंची घालावी ज्या नासत नाहीत आणि ज्या घरात लागतातच: मीठ, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, झाडू. हा सल्ला इतका रुक्ष आहे की कोणी पाळत नाही. झाडूचा फोटो चिया सीड्ससारखा येत नाही. त्यातून ऑर्डर घरपोच असेल तर घरपोच शुल्क, हाताळणी शुल्क, लहान ऑर्डरचं शुल्क आणि पावसाळ्यात पावसाचं शुल्क हेही पाहावं. कधीकधी कूपनाने सोडलेले पन्नास या चौघांत वाटून संपतात. कोथिंबिरीची एक जुडी मागवून तिच्यावर चार शुल्कं भरणारे लोक आहेत, आणि मंडईत त्याच जुडीसाठी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारेही तेच आहेत.

एकावर एक मोफत मिळालेल्या वस्तूची तारीख दोन्ही पाकिटांवर वाचावी. मोफत देण्याची निकड दुकानाला का भासली, हे पुष्कळदा तिथे लिहिलेलं असतं. साठवणीचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांत बिकट होतो. पलंगाखाली तेल, कपाटावर पेपर नॅपकिन, देवघराखालच्या कप्प्यात नूडल्स अशी वाटणी करावी. पाहुणे आले की त्यांना जाताना एक फेसवॉश द्यावा. पाहुणे चकित होतात, पण घेतात.

इथे एका जुन्या पाखंडाचा उल्लेख केला पाहिजे, कारण वाचकाच्या घरात त्याचे अवशेष असू शकतात. आपल्या आज्या-पणज्यांना कूपन हा शब्द रेशनपुरता माहीत होता. तरी त्या वर्षाचं धान्य भरायच्या. नवा गहू बाजारात आला की मार्च-एप्रिलमध्ये गहू, त्याच्या आधी नवी तूरडाळ, आंबेमोहोर नव्या वर्षाच्या तोंडाशी, मिरच्या उन्हाळ्यात, आणि लगेच मसाला कुटून बरण्यांत. धान्य उन्हं दाखवून, डाळीला एरंडेल चोळून, गव्हात कडुलिंबाचा पाला घालून ठेवायचं. सुगीत आवक वाढते म्हणून भाव उतरतो, एवढं एकच तत्त्व. ना कोड, ना किमान खरेदी, ना तारांकित अटी. आणि हे कोणी ‘बचत’ म्हणून फ्रिजवर लावत नसे, फ्रिजही नव्हता. याच वळणावरची दुसरी मंडळी म्हणजे मुंबई ग्राहक पंचायत. 1975 पासून शेजारपाजारच्या घरांनी गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल एकगठ्ठा यायचा आणि तो कोणाच्या तरी घरी बसून आपापसांत वाटून घ्यायचा. जाहिरात नाही आणि मधले दलालही फारसे नाहीत. भाव परवडतो. पण वाटपाच्या दिवशी स्वतः जाऊन हात लावावा लागतो, आणि अंगमेहनतीवर कॅशबॅक मिळत नाही.

कोपऱ्यावरच्या वाण्याचं काय करायचं, असं काही जण विचारतात. त्याच्याकडे कूपन नसतं. महिन्याची यादी दिली की तो म्हणतो, ‘काकू, राहू द्या वरचे चाळीस.’ सामान पोऱ्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर पाठवतो, तूरडाळ जुनी निघाली तर बदलून देतो आणि पैसे पुढच्या महिन्यात दिले तरी चालतात. कार्डाच्या भाषेत सांगायचं तर ही बिनव्याजी उधारी, मोफत घरपोच सेवा आणि विनाअट परतावा झाला, तोही एकत्र. तीन थर एकावर एक लावून देणारा माणूस चौकातच बसलेला आहे, फक्त त्याला ॲप काढता आलेलं नाही. म्हणून साधक त्याच्याकडे फक्त सुट्या पैशांसाठी जातो.

आता शेवटची सूचना, पिशवीची. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर मोठ्या दुकानात कापडी किंवा कागदी पिशवी बहुधा विकत मिळते. तिची किंमत बिलात शेवटी, सगळ्या सवलती वजा झाल्यावर लागते, आणि तिच्यावर कोणतंही कूपन चालत नाही. तेव्हा पिशवी घरून न्यावी. दोन न्याव्यात, एकावर एक मोफत मिळालेलं एकीत मावत नाही.