लेकीकडे गेल्यावर कालवा कसा पाहावा

लेकीकडे लेस्टरला गेलात की एखाद्या शनिवारी जावईबापू विचारतातच, "बाबा, कालवा बघायला येता?" पहिली सूचना: अशा वेळी हसू नये. हयात पाटबंधारे खात्यात गेली, हे त्यांना ठाऊक असते. म्हणूनच ते विचारतात. जूनमध्येही स्वेटर घ्यावा. दशम्या-चटणीचे हिला सांगावे लागत नाही.

ठिकाण फॉक्स्टन. टेकडीच्या उतारावर पाण्याचा जिना आहे: पाच-पाच कोठ्यांच्या दोन माळा, १८१४ सालच्या, एकूण चढ ७५ फूट. होडी सात फुटांहून थोडी कमी रुंद आणि लांबीला जवळजवळ दोन एसट्या एकामागे एक. ती खालच्या कोठीत शिरते, मागचे दार लागते, पाणी चढते, होडी चढते, पुढचे दार उघडते. असे दहा वेळा. घड्याळ पाहू नये; पाऊण-एक तास जातो.

दाराशी जोर करू नये. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत दहा पैलवान लावले तरी ते हलत नाही. झाली की नऊवारीतली आजीसुद्धा लाकडी दांड्याला पाठ लावून ते उघडेल. झडपा दोन रंगांच्या: आधी लाल, मग पांढरी. लाल झडपेने बाजूच्या तळ्यातले पाणी खालच्या कोठीत येते, पांढरीने वरच्या कोठीतले त्या तळ्यात जाते. क्रम चुकला तर भरल्या तळ्यात आणखी पाणी. हे मला एकदा ऐकून कळले. हिला मात्र मी तीनदा समजावले.

"याच्यावर भिजतं किती?" असे विचारू नये. काही भिजत नाही. कोळसा आणि माल नेण्यासाठी हे सगळे खणलेले. मी तरी सवयीने दोन्ही काठांना ऊस शोधला.

काठावर उभे राहून नुसते बघणाऱ्यांना तिथले होडीवाले 'गॉन्गूझलर' म्हणतात. वाईट वाटून घेऊ नये. गल्लीत जेसीबी आला की चहा अर्धा टाकून धावणारी आपली मंडळी याच घराण्यातली.

शेजारच्या उतारावर मात्र जरूर जावे. १९०० साली तिथे वाफेच्या यंत्रावर चालणारा उद्वाहक बांधला: पाण्याने भरलेल्या दोन टाक्या, एक वर जाताना दुसरी खाली, बारा मिनिटांत काम फत्ते. पण होडी येवो न येवो, बॉयलर पेटता ठेवावा लागे, आणि होड्या पुरेशा येईनात. १९११ मध्ये बंद. पुढे यंत्रे भंगारात. असे प्रकल्प फक्त आपल्याच खात्यात होतात या समजुतीने आलेल्या माणसाने इथे स्वेटर काढून थोडा वेळ उन्हात बसावे.

परतताना लेक विचारते, "बाबा, कसा वाटला?" तेव्हा भारावून जाऊ नये. खिडकीबाहेर पाहत एवढेच म्हणावे, "बरा आहे. गळती कमी आहे."