ऐकीव वजा जाता

शेजारच्या वाड्याचे मालक आणि त्यांचे भाडेकरू यांच्या दाव्यात मी मालकांच्या बाजूची साक्षीदार. भाडेकरूनं सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा वापरली नाही, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली मालकाला ती परत मागता येते. तेव्हा खोलीत कुणी राहतं की नाही, एवढं मी सांगायचं. त्यात काय अवघड? सदाशिव पेठेत जन्म गेलाय माझा. भाडेकरू बाणेरला मुलाकडं असतात, सुनेशी पटत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन लांबणीवर टाकलंय, सगळं मला पाठ.

वकीलसाहेब लाल पेन घेऊन बसले. बाणेरचं कुणी सांगितलं? भांडीवालीनं. ऐकीव, चालणार नाही. सुनेचं? दूधवाल्यानं. ऐकीव. गुडघ्याचं? भांडीवालीनंच, पण अगदी खात्रीलायक! त्यावरही काट. एवढ्या माहितीतून शेवटी उरलं काय, तर ‘खोलीला कुलूप दिसतं.’

तेही माझ्या भाषेत नाही. दिवाणी दाव्यात २००२ पासून सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते. ‘सदरहू मिळकत मी समक्ष पाहिली असून तिच्या चतुःसीमा मला ज्ञात आहेत,’ असं मी म्हणते, हे मला वाचल्यावर कळलं. उलटतपासणी मात्र तोंडी, म्हणून तालीम.

“खोलीच्या उत्तरेला काय आहे?”

“उत्तर म्हणजे ओंकारेश्वराकडची बाजू की टिळक रस्त्याकडची?”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग मला धीर द्यायला म्हणाले, “अहो, ताई महाराज प्रकरणात खुद्द लोकमान्यांना उलटतपासणीला तोंड द्यावं लागलं.” घरी येऊन वाचलं, तर १९०३ साली त्यांना खोट्या साक्षीबद्दल शिक्षाच झाली होती! उच्च न्यायालयानं १९०४ मध्ये निर्दोष सोडलं, ही गोष्ट वेगळी. वकिलांच्या धीर देण्यावर तेव्हापासून माझा विश्वास नाही.

एक वाक्य मात्र त्यांनी फार कामाचं शिकवलं. समोरचे वकील “तुम्ही मालकांच्या सांगण्यावरून खोटं बोलता” म्हणणारच. चिडायचं नाही, “हे म्हणणं खरं नाही” एवढंच बोलून गप्प बसायचं. त्याचा सराव मी घरात करते. आमटी खारट झाल्याचं म्हणणं खरं नाही. ह्यांनी ते ‘नोंदवून घेतलं’ आणि दह्याची वाटी पुढं ओढली.

तुम्हाला समन्स आलं, तर कायद्याची पुस्तकं उघडू नका. गच्चीवर जाऊन सूर्य कुठून उगवतो, तेवढं बघून ठेवा.