सूचना पाळणारा एकमेव नागरिक

उष्णतेची लाट आली की शासनाला आपली आठवण येते आणि मोबाइल वाजू लागतो. दुपारी 12 ते 3 उन्हात जाऊ नका. सैल, फिकट, सुती कपडे घाला. भरपूर पाणी प्या. चहा, कॉफी, मद्य टाळा. चंद्रपुरात एखाद्या साइटवर घमेली वाहणाऱ्या बाईने हे वाचून मुकादमाला सांगावं, "दादा, सरकारचा निरोप आलाय, तीननंतर येते." दादा काय म्हणेल, ते इथे छापता येणार नाही.

या सूचना तंतोतंत पाळणारा एकच नागरिक आहे: हवामान खात्याचा तापमापक. पांढऱ्या लाकडी पेटीत राहतो. पेटीला चहूबाजूंनी झडपा, वारा खेळता. जमिनीपासून चारेक फूट उंच. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी अंगावर ऊन येऊ नये. अशा थाटात बसून तो 44 अंश सांगतो. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच, मोजायची असते ती हवा. पण हे 44 सावलीतले, एवढी एक ओळ सरकारी सूचनांच्या फलकावर टाकायला जागा उरत नाही. तिथे मान्यवरांचे फोटो असतात.

आता लाट कशाला म्हणायचं? मैदानी भागात पारा किमान 40 आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश वर, नाहीतर थेट 45. म्हणजे जिथे सरासरीच 43, तिथे 44 ला लाट नाही. भोवळ आली तर ती तुमची खासगी बाब. मग इशाऱ्याचे रंग येतात. पिवळा: लक्ष ठेवा. नारिंगी: तयार राहा. लाल: कृती करा. कोणी? अहमदाबादने 2010 च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर 2013 मध्ये आराखडा केला, त्यात इशारा मिळताच कोणत्या खात्याने काय करायचं ते लिहून ठेवलं. आपल्या फलकावर पोचेपर्यंत खाती गळतात आणि उरतात ते 'नागरिकांनी'.

मुकादमाला पाण्याचं महत्त्व कळत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. नव्या कॉलमला तो ओलं गोणपाट गुंडाळतो आणि निदान सात दिवस त्यावर पाणी मारून घेतो. भर दुपारी एक वाजता पाइप धरायला तीच बाई. कॉलमला तडा गेला तर बिल अडतं.