मीट सर्कसच्या पी.टी. सरांस

प्रति,
कोच मॉरी ओलिअँडर सर,
व्हिस्परिंग रॉक उन्हाळी शिबिर

सा. न. वि. वि.

आपलं अभिनंदन करायला अंमळ उशीरच झाला. टिम शेफर यांच्या डबल फाइन कंपनीने ‘सायकोनॉट्स’ हा गेम एप्रिल २००५ मध्ये एक्सबॉक्सवर आणला, तेव्हाच हे पत्र धाडायला हवं होतं. शिबिरातल्या मुलांचे मेंदू शिंकेवाटे बाहेर काढून रणगाड्यांत बसवायचे, हा आपला बेत सर्कशीतून पळून आलेल्या, दुसऱ्यांच्या मनात शिरू शकणाऱ्या रॅझ नावाच्या पोराने उधळला. पण त्याहून अवघड काम आपण फत्ते केलंत, त्याची दखल मात्र कोणी नीट घेतली नाही. अख्खा गेमभर खदाखदा हसत आलेल्या खेळाडूचं हसू आपण शेवटच्या लेव्हलमध्ये, म्हणजे खुद्द आपल्या डोक्यातल्या ‘मीट सर्कस’मध्ये, साफ पुसून टाकलंत. ज्या गेमच्या लेखनाला २००६ मध्ये बाफ्टा पुरस्कार मिळाला, त्याच्या विनोदाला चीत करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

हे आपल्याला कसं साधलं, ते समजून घ्यायचं तर आधी एक जुनी अडचण मान्य करावी लागेल. विनोद आणि उडी यांचं मुळातच पटत नाही. विनोद पहिल्यांदा ऐकताना सर्वांत ताजा असतो. उडी मात्र दहाव्यांदा मारताना कुठे हातात बसते. प्लॅटफॉर्म गेममध्ये माणूस पडतो, पुन्हा उठतो, तीच फळी, तीच दोरी, तोच खड्डा. म्हणजे जो विनोद त्या खड्ड्याशेजारी टांगून ठेवला असेल, तो खेळाडूला दहादा ऐकावा लागणार. १९९४ च्या ‘अर्थवर्म जिम’ने यातून एक नामी वाट काढली होती. पहिल्याच लेव्हलमध्ये एक गाय आकाशात उडवायची आणि गेम संपेपर्यंत तिला खाली पडूच द्यायचं नाही. विनोद एकदाच, पण अख्ख्या गेमइतका लांब. त्याच गेममध्ये पाण्याखाली काचेचं भांडं हाकत, हवा संपायच्या आत बोगदे पार करायचे होते, तेव्हा मात्र गांडुळाची गंमत कोणाला आठवत नव्हती. दुखणं जुनंच आहे, सर.

‘सायकोनॉट्स’ने या दुखण्यावर जे औषध शोधलं, ते मला इतर कुठल्याही विनोदी प्लॅटफॉर्म गेममध्ये इतकं पुरतं सापडत नाही. तिथे विनोद उडीच्या शेजारी उभा नसतो, तो उडीचा नियमच असतो. बॉइड कूपर या पहारेकऱ्याच्या डोक्यातली ‘मिल्कमन कॉन्स्पिरसी’ ही लेव्हल घ्या. उपनगरातले रस्ते हवेत पिळवटलेले, घरं उलटी लटकलेली, आणि प्रत्येक वळणावर लांब कोट घातलेले गुप्तहेर. एकाच्या हातात ‘थांबा’ची पाटी असते, म्हणून तो स्वतःला रस्त्यावरचा मजूर समजतो. दुसऱ्याच्या हातात फुलं, म्हणून तो शोकाकुल विधवा. तिसरा संडास उपसायचा रबरी दट्ट्या धरून गटारकामगार झालेला. रॅझनेही तीच वस्तू हातात धरली, की हे महाभाग त्याला बिनदिक्कत आपल्यातला समजतात. नाही धरली, तर बाहेर काढतात. आता पाहा, खेळाडू इथे चुकला की त्याला तोच विनोद पुन्हा सोसावा लागत नाही, तो विनोद पुन्हा वापरावा लागतो. संशयी माणसाच्या मनातला कारभार कसा चालतो, हे कोडं सोडवतानाच कळत जातं, आणि प्रत्येक नव्या वस्तूबरोबर तीच गंमत एक पाऊल पुढे सरकते. रस्ते पिळवटलेले आहेत तेही उगाच नाहीत; बॉइडला सरळ काही दिसतच नाही. गुरुत्वाकर्षणाची ती सगळी कसरत त्याच्या स्वभावातून आलेली आहे.

आपण म्हणाल, हे लेखकाचं कौतुक झालं, लढाईचं काय? पण तिथे तर सर, खुद्द आपणच पुरावा आहात. तळ्यातल्या अजस्र लंगफिशच्या डोक्यातली नगरी आठवा, जिथे रॅझ राक्षसाएवढा आणि तिथले रहिवासी माशी-मुंगीएवढे. तिथे आपण कोचामारा नावाच्या महाकाय योद्ध्याच्या अवतारात उतरता आणि प्रत्येक हल्ल्याआधी त्या हल्ल्याचं नाव बेंबीच्या देठापासून ओरडून जाहीर करता, जुन्या जपानी राक्षसपटांच्या थाटात. हा विनोद विसाव्या खेपेलाही शिळा होत नाही, कारण तो खबर देतो. पुढे काय येणार हे खेळाडूला कळतं, तो बाजूला होतो, आणि आपण स्वतःचीच गुपितं फोडत असता. ज्या विनोदाला खेळात काही काम आहे, तो पुनरावृत्तीत मरत नाही. आपल्या पहिल्याच तासाला, ‘बेसिक ब्रेनिंग’मध्येही हेच घडतं: सुरुंग आणि काटेरी तारांमधून पोरांना पळवत आपण जे खेकसत राहता, तीच नव्या खेळाडूची शिकवणी असते. पी.टी.च्या सरांना शिट्टीवाचून काही येत नाही, असं म्हणणाऱ्यांची तिथे तोंडं बंद होतात.

मग मीट सर्कसमध्ये काय बिनसलं? कल्पना तर कुठेच कमी पडत नाही. आपले खाटीक वडील आणि रॅझचे कसरतपटू वडील, दोन्ही मुलांच्या मनातली दोन्ही भुतं एकाच तंबूत, आणि तंबू मांसाचा. लिहिणाऱ्याने इथे कळस गाठलाय. पण खेळायला बसलं की हाती काय येतं? आधी आपल्याच बालरूपाची, त्या इवल्या ऑलीची राखण. तो सशामागे धावणार, संकटात सापडणार, आणि प्रत्येक वेळी त्याच मोजक्या सुरांत टाहो फोडणार. मग दोऱ्या, झुले, जाळ्या, खालून चढत येणारं पाणी आणि वरून रॅझच्या बापाची टोमणेबाजी. यातला एकही टोमणा पुढची उडी कशी मारायची ते सांगत नाही. ऑलीच्या रडण्यातून कुठलंच कोडं सुटत नाही. विनोदाला इथे फक्त रंगाऱ्याचं काम उरलं आहे, आणि रंग कितीही सुरेख असला, तरी सहाव्यांदा खाली पडलेल्या माणसाला त्याचं काय!

त्यात भर म्हणून गेमची जुनी दुखणी नेमकी इथेच उफाळून येतात. कॅमेरा अडचणीच्या कोपऱ्यात भिंतीला जाऊन चिकटतो. मनाच्या शक्ती भरपूर, पण एका वेळी बटणांवर तीनच बसतात. चौथी हवी असेल तर खेळ थांबवून यादीत शिरा. ‘मिल्कमन’मध्ये हे खटकत नाही, कारण तिथे विचार करायला उसंत असते. उलट दिव्यदृष्टीची शक्ती लावून दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं, की समोरच्याला रॅझ काय दिसतो ते कळतं, आणि त्यासाठी मुद्दाम थांबावंसं वाटतं. पाणी पायाशी आलं असताना मात्र यादी उघडणं ही शिक्षाच. गोळा करायच्या वस्तूंचंही तसंच. मालकाच्या नावाच्या चिठ्ठीसाठी रडणाऱ्या पेट्या झकास, कारण त्यांचं रडणं ऐकूनच त्या सापडतात. पण हवेत लुकलुकणारी, अर्धपारदर्शक रंगीत चित्रं शेकड्यांनी टिपत फिरणं म्हणजे निव्वळ हिशेबनिसाची नोकरी. या हमालीचा एकच बचाव मला पटतो. शिबिरातल्या शिक्षिका मिला व्होडेलोच्या मनातल्या झगमगत्या नाचाच्या मैफलीत जो आडवाटेला शिरतो, त्याला एक बंद खोली सापडते आणि तिच्यात आगीत गेलेल्या अनाथ मुलांचे आवाज. त्यानंतर मिलाचं हसू पूर्वीसारखं दिसत नाही. कोपरे धुंडाळायची सवय लावल्याशिवाय ही खोली कोणालाच दिसली नसती, हे मान्य.

कोणी म्हणेल, शेवटची लेव्हल अवघडच हवी, नाहीतर ती शेवटची कसली? हा आक्षेप मला बिनचूक वाटतो, पण त्याने आपला बचाव होत नाही. फ्रेड बोनापार्टच्या डोक्यातली ‘वॉटर्लू वर्ल्ड’ ही लेव्हलही सोपी नाही. युद्धखेळाच्या पटावर उतरायचं, पटावरच्या घरात शिरण्याइतकं बारीक व्हायचं, गावकऱ्यांना लढायला राजी करायचं आणि फ्रेडच्या डोक्यातून त्याच्या पणजोबाच्याही आधीच्या नेपोलियनला हुसकायचं. तिथे डोकं तापतं ते कोड्याने. आपल्या तंबूत तापतो तो फक्त अंगठा. दुसरा आक्षेप असा, की गेम विकला गेला नाही याचं खापर एका लेव्हलवर कशाला? तेही खरं. मायक्रोसॉफ्टने हात काढून घेतल्यावर मजेस्कोने तो बाजारात आणला, आणि दुसऱ्यांच्या मनात शिरणाऱ्या पोरांच्या शिबिराची जाहिरात नेमकी कोणासाठी करायची, हे ठरवणं सोपं नव्हतंच. विक्रीचा दोष मी आपल्या माथी मारत नाही. पण २०११ मध्ये हक्क डबल फाइनकडे परत आले, तेव्हा त्यांनी गेमची नवी आवृत्ती काढताना आवर्जून ज्या लेव्हलची धार बोथट केली, ती आपलीच. स्वतः निर्मात्यांनी सहा वर्षांनी पाना हातात घेतला, यापेक्षा मोठी साक्ष ती काय?

२०२१ च्या दुसऱ्या भागात तर खेळाडूला इजाच होऊ नये अशीही सोय ठेवली आहे. त्यावर नाकं मुरडणारे आपल्या पठडीतले बरेच भेटतील. त्यांना एवढंच विचारा, की ज्या गेममध्ये लोक पुढच्या दारामागचं वेड पाहायला येतात, तिथे दारातच त्यांना अडवून कोणाचं भलं होतं? ज्याला उड्यांची खुमखुमी आहे, त्याला ती सोय बंद ठेवता येतेच.

तेव्हा सर, पुन्हा कधी जगाचा ताबा घ्यायचा विचार झालाच, तर रणगाडे खुशाल बांधा. फक्त त्या छोट्या ऑलीला ओरडायला चार वाक्यं जास्त द्या, आणि त्यांतल्या एखाद्यात ससा कुठल्या बाजूला पळाला ते सांगायला लावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पाण्यात पडलेला एक खेळाडू