जुन्या डेस्कटॉपचा जीर्णोद्धार : मोजक्या पैशांत, मोजक्या अपमानांत

पात्रता

ज्यांच्या घरी २०१२-१३ च्या सुमाराचा डेस्कटॉप अजून चालू होतो आणि ज्यांच्या गळ्यात नात्यातल्या मुंजीचा व्हिडिओ "तुला काय, दोन मिनिटांचं काम" असे म्हणून घातला गेला आहे, अशा सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. संगणकाचे शिक्षण झालेले असण्याची अट नाही. 'तो कॉम्प्युटरमधला आहे' एवढा नातेवाइकांचा तोंडी दाखला पुरतो; मग अर्जदार प्रत्यक्षात बँकेत असो वा पाटबंधारे खात्यात.

सोयीसाठी एक नमुना यंत्र धरले आहे : आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, समोर दोन यूएसबी, त्यातला एक बंद. ज्यांचे यंत्र याहून जुने आहे त्यांनी मन घट्ट करावे. ज्यांचे नवे आहे त्यांनी कुरकूर करू नये.

कलम १ : घरची मंजुरी

"किती लागतील?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर देऊ नये. "बघू, फार नाही" हे उत्तर वर्षानुवर्षे टिकलेले आहे. आकडा एकदम सांगितला की तेवढ्या पैशांत येणाऱ्या इतर वस्तूंची यादी घरात तयारच असते आणि तिच्यात मिक्सर पहिला असतो. म्हणून सुटे भाग वेगवेगळ्या महिन्यांत आणावेत. एसएसडी भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली सहज मावते. ग्राफिक कार्डाचा खोका मात्र लपत नाही. तो टाकूनही देता येत नाही, कारण वॉरंटीसाठी दुकानदार खोका मागतो. तो ऑफिसच्या कपाटात ठेवावा.

याच सुमारास भाचा येतो. "मामा, हा डबा भंगारात द्या आणि सरळ लॅपटॉप घ्या." त्याचे म्हणणे बरोबर असते, म्हणूनच त्यावर चर्चा वाढू देऊ नये. "पैसे तू देतोस का?" एवढेच विचारावे आणि टेबलाखालून कॅबिनेट ओढायच्या कामाला त्याला लावावे.

कलम २ : निदान

बाजारात जाण्यापूर्वी यंत्र नेमके कुठे अडते ते पाहावे. एडिटिंग सुरू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन आकडे दिसतात. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू ३० वर असेल, तर प्रोसेसर हाताची घडी घालून डिस्कची वाट पाहत आहे असे समजावे. अशा वेळी आणखी वेगवान प्रोसेसर आणला, तर तो आणखी वेगाने वाट पाहील. ज्या भागाची वाट पाहावी लागते त्याच भागावर पैसे घालावेत, हे या शास्त्राचे पहिले आणि एकमेव सूत्र आहे. बाकीची कलमे केवळ मनोधैर्यासाठी.

आता व्हिडिओ एवढा जड का, हेही समजून घ्यावे. भाच्यासमोर उपयोगी पडते. फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एक चित्र साधारण ६२ लाख बाइटचे होते. सेकंदाला अशी ३० चित्रे, म्हणजे सेकंदाला १८६ एमबी. तरीही मोबाइल अख्खे मिनिट सव्वाशे एमबीच्या आसपास बसवतो, कारण एच-२६४ पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. एक चित्र पूर्ण असते आणि पुढच्या कित्येकांत फक्त आधीपेक्षा काय बदलले एवढीच नोंद असते. व्हिडिओ सरळ पाहत गेलो तर हे छान चालते. पण एडिटिंग करणारा सरळ पाहत नाही. तो मातृभोजनावरून भिक्षावळीवर उडी मारतो, तिथून मागे मंगलाष्टकांवर येतो. प्रत्येक उडीला यंत्राला मागचे पूर्ण चित्र शोधावे लागते आणि तिथपासूनचे सगळे बदल नव्याने मांडत यावे लागते. म्हणून ऐन अक्षता पडायच्या वेळी बटू गोठतो, अक्षता हवेत थांबतात आणि भटजींचा आवाज तेवढा पुढे निघून जातो.

नव्या फोनांतली एचईव्हीसी पद्धत साधारण निम्म्या जागेत तेच चित्र बसवते, पण ते उलगडायला आणखी जड. २०१२ च्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी वेगळी सोयच नाही. म्हणून पहिले अपग्रेड फुकट आहे : कार्याच्या दिवशी चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनचे सेटिंग एच-२६४ आणि फुल एचडीवर आणावे. फोर-केच्या एका चित्रात ८३ लाख ठिपके असतात, म्हणजे चौपट. "पण माझ्या फोनमध्ये फोर-के आहे!" असे काका म्हणतील. त्यांना जेवणाच्या पंगतीचे चित्रीकरण द्यावे.

कलम ३ : खरेदी, याच क्रमाने

मुंबईकरांनी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा. बाकीच्यांनी आपापल्या गावची कॉम्प्युटर गल्ली. यादी कागदावर न्यावी. आठवणीवर विसंबून गेलेला माणूस चमकत्या दिव्यांचा पंखा घेऊन परत येतो.

*एसएसडी.* ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी एका फेरीला ८ मिलीसेकंदांहून थोडा जास्त वेळ घेते, वर तिचा हात जागेवर सरकायला वेळ लागतो तो वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या जागी ती सेकंदाला शंभर वेळासुद्धा पोचत नाही. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, ती हजारो वेळा पोचते. दुकानदार सर्वांत वेगवान म्हणून एनव्हीएमई दाखवील. आपल्या बोर्डावर ती बसवायला जागा नाही, साधी साटा एसएसडीच मागावी. एच-६१ वरचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे असल्याने ती तिच्या निम्म्या वेगानेच धावेल. त्याने खचू नये. विंडोज, सॉफ्टवेअर आणि हातातले काम तिच्यावर ठेवावे. जुनी हार्ड डिस्क काढू नये, तिला पुढे मानाची जागा आहे.

*रॅम.* या बोर्डावर दोनच खाचा असतात आणि १६ जीबीच्या वर तो घेत नाही. म्हणून ८ जीबीच्या दोन डीडीआर-३ पट्ट्या. डीडीआर-४ ची खाच वेगळ्या ठिकाणी असते, ती जोर लावून बसवू नये. ८ जीबीच्या काही फार स्वस्त डीडीआर-३ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, हे दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. "इंटेलवर लावून दाखवा" हे वाक्य पाठ करून जावे.

या दोन वस्तूंत पैसे संपले तर सुखाने घरी यावे. ज्यांचे उरले त्यांनी पुढे वाचावे.

*ग्राफिक कार्ड.* मायाजाल इथे सुरू होते. जीटी ७१० स्वस्त असते, पण एचईव्हीसी उलगडण्याच्या कामी तिचा उपयोग नाही. जीटी १०३० ती उलगडते, मात्र एक्सपोर्ट वेगाने करणारा एन्कोडर तिच्यात नाही. २०१६ ची जीटीएक्स १०५० टीआय दोन्ही करते आणि ७५ वॅटमध्ये भागवते. तेवढी वीज मदरबोर्डाच्या खाचेतूनच मिळते, त्यामुळे तिच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. सेकंडहँड घ्यायची, तर दुकानातच जीपीयू-झेड हे छोटे सॉफ्टवेअर चालवायला लावावे. जुन्या कार्डाचे बायोस बदलून त्यावर नवे नाव चढवण्याची कला बाजारात रुळलेली आहे. "साहेब, टेस्टिंग वॉरंटी आहे," याचा अर्थ दुकानाचा उंबरा ओलांडेपर्यंत वॉरंटी आहे.

*एसएमपीएस.* खोक्यावर ४५० वॅट छापलेले असते. छापायला वॅट लागत नाहीत. ८० प्लसचे प्रमाणपत्र असलेला घ्यावा आणि हातात धरून पाहावा. फारच हलका लागला तर परत द्यावा. ब्रँडेड ऑफिसी डेस्कटॉप असेल तर आधी आतला कनेक्टर बघून यावे, काही कंपन्यांचा कनेक्टर जगावेगळा असतो.

*प्रोसेसर.* तोच सॉकेट असलेला आय-सेव्हन ३७७० सेकंडहँड मिळतो. कोअर चारच, पण एका वेळी आठ कामे हातात घेतो. एक्सपोर्टला फरक पडतो, गोठलेल्या बटूला फारसा नाही. म्हणून तो यादीत शेवटी.

बिल घ्यावेच. "बिनबिलाचं घ्या, अठरा टक्के वाचतील," असे म्हणणारा दुकानदार पट्टी बिघडल्यावर तुम्हाला ओळखत नाही.

कलम ४ : जोडणी

कॅबिनेट गॅलरीत उघडावे, कारण आत दहा वर्षांची धूळ असते आणि क्वचित पालीचे अंडे. रंगाच्या मऊ ब्रशने धूळ झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. जुनी रॅम बसवताना तिच्या सोनेरी कडांवरून शाळेतले खोडरबर फिरवावे. हा उपाय हास्यास्पद दिसतो आणि लागू पडतो. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून खपली झालेली असते. ती पुसून मुगाएवढी नवी लावावी. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर यंत्र स्वतःला कित्येक वर्षे मागे समजत असेल, तर बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल बदलावा. एवढ्या कमी पैशांत दुसऱ्या कुठल्याही भागाला वर्तमानात आणता येत नाही.

सगळे जोडून झाल्यावर एक स्क्रू उरतो. तो डब्यात ठेवावा.

कलम ५ : सॉफ्टवेअर

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ आपल्या प्रोसेसरला दारात उभे करत नाही. म्हणून पुष्कळ जण लिनक्सकडे वळतात. इथे एक खड्डा आहे. डाव्हिंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती अप्रतिम आहे, पण लिनक्सवर ती एच-२६४ च्या फाइली उघडत नाही, म्हणजे नेमक्या मोबाइलच्याच. शिवाय बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड नसेल तर ती रुसून बसते. अशा घरी केडेनलाइव्ह किंवा शॉटकट वापरावे. दोन्ही फुकट आहेत आणि गरिबाघरी नांदतात.

खरे रहस्य मात्र प्रॉक्सीत आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची एक छोटी, हलकी प्रत तयार करते. कापाकापी त्या प्रतीवर होते आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ क्लिप आपोआप जागेवर येते. प्रॉक्सी करताना ज्यात प्रत्येक चित्र पूर्ण साठवतात असा प्रकार निवडावा. फाइल मोठी होते, पण उड्या सुटसुटीत होतात. प्रॉक्सी रात्री लावून झोपावे. खर्च शून्य. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला ते विकता येत नाही.

मोबाइलचा चित्रवेग कमी-जास्त होत असतो, त्याने लांब क्लिपमध्ये भटजींचे ओठ आणि मंत्र यांची फारकत होते. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून क्लिप आधी फिरवून घ्यावी.

कलम ६ : एक्सपोर्ट

एक्सपोर्ट लावल्यावर घरात मिक्सर, इस्त्री आणि गिझर एकत्र चालू करू नयेत अशी विनंती करावी. ती मान्य होत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो, तोही बॅटरी ठणठणीत असेल तर. बरीच वर्षे न बदललेली बॅटरी लाईट गेल्यावर फक्त एक शिट्टी वाजवते आणि आपणही जाते. अर्धवट एक्सपोर्ट पुढे चालू करता येत नाही. म्हणून मोठा व्हिडिओ तुकड्यांनी काढून शेवटी जोडावा.

कलम ७ : वितरण

तयार झालेला फुल एचडी व्हिडिओ कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताच एचडी पर्यायातसुद्धा ७२० वर येतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा; २ जीबीपर्यंतची फाइल तशीच्या तशी जाते. त्यावर "उघडत नाही", "फोन फुल आहे" आणि "छान!!" असे तीन अभिप्राय येतील. तिसरा अभिप्राय व्हिडिओ न उघडता दिलेला असतो.

दोन तासांचे चित्रीकरण सात मिनिटांवर आणावे. प्रॉक्सीनंतरचे सर्वांत स्वस्त अपग्रेड हेच : जी क्लिप टाइमलाइनवर येतच नाही, तिचा यंत्रावर भार नाही. मात्र वगळलेले काहीही पुसू नये. सगळे मूळ चित्रीकरण त्या जुन्या ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर तारखेनिशी ठेवावे. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन येतोच : "अरे, बाकी सगळं झकास. पण मी आहेर देतानाचं कुठेच दिसलं नाही रे!" वाद न घालता तो तुकडा शोधून जोडावा, पुन्हा एक्सपोर्ट लावावे आणि फाइलला 'फायनल २' असे नाव द्यावे. अनुभवी मंडळी 'फायनल ३' ची जागाही आधीच मोकळी ठेवतात, कारण बटूला आत्या दोन आहेत.