गिअरबॉक्सची ग्रहशांत

आमच्या जिल्ह्याच्या नावावर दोन म्हणी आहेत. बाहेरचे लोक ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणतात आणि आम्ही ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतो. दोन्ही एकाच वेळी खऱ्या ठरण्याचा योग एका मे महिन्यात गंगाखेडला आमच्या अंगणात आला. अंगणात मारुती झेनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून पडला होता. त्यातला टॉर्क कन्व्हर्टर ज्याच्या डोक्यातून निघाला, तो हेरमान फ्योटिंगर अस्सल जर्मन. गिअरबॉक्स खोलणारा माझा भाचा अस्सल परभणीचा. जर्मनाने १९०५ साली पेटंट घेतलं ते जहाजासाठी, वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनची ताकद संथ पंख्याला तेलामार्फत पोचवायला. आपली कल्पना एक दिवस गोदाकाठी वर्तमानपत्रावर वाळत पडेल, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याला ऑटोक्रॉसचं वेड लागलेलं. मोकळ्या मैदानात शंकू मांडायचे, एकेका गाडीने त्यातून वळणं घेत पळायचं आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. हौशी माणसाला परवडते ती शर्यत हीच. त्यासाठी त्याने एक जुनी झेन स्वस्तात उचलली. स्वस्तात मिळाली, कारण ती ऑटोमॅटिक होती, एकूण गिअर तीन आणि त्यातला दुसरा घसरत होता. शहरातल्या एका वर्कशॉपने “अख्खा बॉक्स बदलावा लागेल” म्हणून जो आकडा सांगितला, त्यात तसल्या दुसऱ्या झेनचा सौदा झाला असता.

“मामा, आपण घरीच खोलू,” भाचा म्हणाला. या वाक्यातलं ‘घर’ माझं होतं, हे माझ्या लक्षात यायच्या आत जॅक लागला होता.

शेजारचे तात्या पहिल्याच सकाळी कठड्यावर येऊन बसले.

“काय करायलात?”

“शर्यतीची गाडी तयार करतोय, तात्या.”

“एकटीच पळती? मग हरवायचं कुणाला?”

“घड्याळाला.”

“असं म्हणा की. आपल्या शंकरपटातबी घड्याळच लावतेत.”

तात्यांना शर्यतीतलं कळतं. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, ती डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. मधली सगळी वर्षं तात्यांची जोडी न्यूट्रलमध्ये उभी होती. त्यामुळे थांबलेल्या वाहनाबद्दल त्यांना आतून कळवळा आहे.

भाच्याने त्यांना आतली रचना समजावली. मधोमध सूर्य म्हणतात तो गिअर, त्याच्याभोवती फिरणारे ग्रह आणि बाहेरून दातेरी कडं. यांतल्या एकाला अडवलं की बाकीचे वेगळ्या गतीने फिरतात. कुणाला अडवायचं हे बदलत गेलं की गिअर बदलत जातात. मला हे समजायला संध्याकाळ झाली असती. पंचांग पाहिल्याशिवाय दाढी न करणाऱ्या तात्यांना ते तिथल्या तिथे पटलं. “म्हंजे ग्रह अडकलाय. शांत करून घ्या,” असं सांगून ते नारळ आणायला गेले.

खरा वैद्य मात्र ट्रॅक्टरचे मिस्त्री. त्यांनी उभ्या आयुष्यात एकही ऑटोमॅटिक मोटार खोलली नव्हती. गावातल्या एका डॉक्टरीणबाईंची कायनेटिक होंडा तेवढी पट्टा बदलून चालू केली होती. पण त्यांचं एक तत्त्व आहे. “बोल्ट हायेत ना? मग माणसानंच आवळलेत. माणसाला खोलता येतेत.” तेल काढलं तेव्हा जे लालभडक असायला हवं होतं, ते काळपट आणि करपलेल्या वासाचं निघालं. आतल्या क्लचप्लेटा जळाल्या होत्या. नव्या प्लेटा मुंबईहून आल्या. त्या बसवण्याआधी तेलात भिजत घालाव्या लागतात, म्हणून घरातली एक परात कामाला लागली. ती परात भाकरीला परत मिळणार नाही, हे हिला त्या क्षणी समजलं आणि मला तिच्या चेहऱ्यावरून.

पुढची अडचण कापसाची. या गिअरबॉक्सच्या आत एक व्हॉल्व्ह बॉडी असते. तेलाच्या बारीक वाटांचा नुसता भुलभुलैया, त्यात झडपा आणि छर्रे. एक धागा अडकला तरी गिअर रुसतो. म्हणून पुसायला लागतं ते तंतू न सोडणारं कापड. आता परभणी जिल्ह्यात तंतू न सोडणारी वस्तू शोधायची म्हणजे पंढरपुरात नास्तिक शोधण्यासारखं. इथे वेचणीच्या दिवसांत बाभळीलासुद्धा कापूस लागतो. शेवटी हिची एक नायलॉनची साडी वरातीतून वधू पळवावी तशी कपाटातून नाहीशी झाली.

छर्रे आणि वॉशर बसवताना जागेवरून पडू नयेत म्हणून त्यांना व्हॅसलीन लावतात. ग्रीस चालत नाही, ते तेलात विरघळत नाही. व्हॅसलीन गरम तेलात विरघळून जातं. ऐन मे महिन्यात मी दुकानात व्हॅसलीनचा मोठा डबा मागितला. दुकानदाराने बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, मग माझ्या ओठांकडे पाहिलं आणि काही न विचारता उधारीच्या वहीत ‘मामा – औषध’ असं लिहिलं.

वीज आणि सेन्सर येण्याआधीच्या ऑटोमॅटिकमध्ये निर्णय कसा होतो, ते ऐकून मला गहिवरून आलं. गाडीचा वेग एका बाजूने तेलाचा दाब वाढवतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय दुसऱ्या बाजूने, आणि मधे एक झडप. ज्या बाजूचा दाब जास्त, त्या बाजूला ती सरकते. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला ही, अशी नोकरी मी लग्नापासून करतोय. झडपेला पगार नसतो आणि मतही नसतं.

या सगळ्या काळात अंगणात चहा मात्र अखंड येत होता. मिस्त्रींना, त्यांच्या पोराला, तात्यांना, छर्रा हरवला की तो शोधायला जमणाऱ्या गल्लीला. “बघा मामा, चहासुद्धा ऑटोमॅटिक,” असं भाचा बोलून गेला आणि त्या दुपारी चहा आला नाही. संत जनाबाई आमच्या गंगाखेडच्या. त्यांचं जातं स्वतः विठ्ठल ओढायचा अशी इथे श्रद्धा आहे. आपोआप चालतं त्याच्यामागे न दिसणारं कुणीतरी राबत असतं, हे या गावाला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. विसर पडतो तो फक्त पुरुषांना. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स दिला, तेव्हा चालकाचा डावा पाय रिकामा झाला. पण त्याचं काम संपलं नव्हतं, ते डब्याच्या आत गेलं होतं. पुढे हाच गिअरबॉक्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रणगाड्यांतही बसला. हे ऐकून तात्या कठड्यावरून उतरून उभे राहिले.

जोडणी झाल्यावर पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आणून एकेका वाटेत हवा सोडली. आतून ‘टप्’ आवाज आला की क्लच धरतोय असं समजायचं. सगळी गल्ली श्वास रोखून ऐकत होती. टप्. टप्. मिस्त्रींनी कान काढला आणि म्हणाले, “बनी.” पुढची अर्धी म्हण कुणी उच्चारली नाही.

पुण्याकडच्या एका मैदानात गाडी पळाली. दुसरा गिअर पडला आणि पडून राहिला. भाच्याचा नंबर वरून मोजण्यापेक्षा खालून मोजणं सोयीचं होतं. तात्यांनी गावात सांगितलं ते एवढंच, की पोरानं घड्याळाला घाम फोडला.

त्यानंतर एका सकाळी अंगणात हातगाड्यावरून वॉशिंग मशीन आलं.

“मामा, हेबी ऑटोमॅटिकच हाय. पाणी घेतंय, पण फिरंना.”

मिस्त्रींनी मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून बोल्ट मोजले आणि पोराला पान्ह्यांची पिशवी आणायला पाठवलं. तात्यांनी कठड्यावर बैठक मारली. मी सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“दुरुस्त झालं की पहिली माझी साडी त्यात जाईल,” ही दारातूनच म्हणाली, “आणि चहा ज्याचं मशीन, त्याच्या घरून येईल.”