एका ताटाला एक टन

आमचे सासरे तात्या राहुरीकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात आयुष्यभर वजनकाट्यावर होते. उसाची गाडी फाटकातून आत वळली की ते नजरेनंच वजन सांगत. काट्याचा आकडा त्यांच्या आकड्याशी जुळला नाही, तर ते काट्याकडे संशयानं बघत. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, नजर राहिली. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहून ते आत गेले आणि माईंना हळूच ‘बासष्ट’ म्हणाले. मला वाटलं, माझी बी.ए.ची टक्केवारी यांना कुठून कळली? नंतर कळलं, ते किलो होते.

अशा माणसाला पंचतारांकित हॉटेलात जेवायला नेऊ नये. पण मेहुण्याला बढती मिळाली. तो खराडीला आयटीत असतो आणि आनंद झाला की बुकिंग करतो. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या पोटात एक ब्रॅसरी आहे, तिथं रविवारचा बुफे, आपण सहा जण, असा त्याचा फोन आला. तात्यांनी हॉटेल कुठं आहे एवढंच विचारलं. नगर रोडला, म्हटल्यावर ते खूश झाले. पुण्यात असला म्हणून काय झालं, रस्ता तर आपलाच! २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, चौंडीच्या लेकीचा मान म्हणून तात्यांनी त्या दिवशी पेढेही वाटले. पण रस्त्याला मात्र ते अजून नगर रोडच म्हणतात, आणि पुणेकरही.

शिक्रापूरच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा मी ज्ञानदान सुरू केलं. ब्रॅसरी हा मूळ पॅरिसचा प्रकार. १८७०-७१ च्या युद्धात अल्सास जर्मनीकडे गेलं, तेव्हा तिथले बिअर करणारे बरेच लोक पॅरिसला आले आणि त्यांनी अशी ठिकाणं काढली. त्यातल्याच एका लिपसाहेबानं १८८० साली काढलेली ब्रॅसरी अजून चालू आहे. तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत कधीही जा, जेवण मिळतं.

“म्हणजे तीन पाळ्यांत,” तात्या म्हणाले. “हंगामात आपलंही तसंच असतं. आणि ते लोक गाव सोडून आले म्हणतोस, ते कोयता घेऊन की बिअर घेऊन?”

“बिअर घेऊन.”

“मग बरोबर. पाथर्डीचे बिचारे कोयता घेऊन जातात, त्यांचं कुठं काय चालू राहिलं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी दर विचारला. मेहुण्यानं टाळाटाळ केली, पण सुनेनं भाबडेपणानं सांगून टाकलं : माणशी तीन हजार, वर अठरा टक्के कर. गाडीत शांतता पसरली. तात्यांचे ओठ हलत होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आहे, म्हणजे टनाला ३,५५०. बुफे करासकट ३,५४०.

“एक टन ऊस घालायचा,” तात्या म्हणाले, “एक ताट जेवायचं, आणि दहा रुपये सुटे घेऊन घरी यायचं.”

सहा माणसं म्हणजे सहा टन. बैलगाडीत दीड-दोन टन धरला, तर आम्ही तीन-चार बैलगाड्या घेऊनच त्या काचेच्या दारातून आत शिरलो. दार उघडणाऱ्या पगडीवाल्यानं तरीही हसून नमस्कार केला.

आत छत एवढं उंच, की माईंनी पदर सावरला. एका पोरसवदा वेटरनं तात्यांची खुर्ची मागे ओढली. तात्यांना वाटलं, तो ती घेऊन चाललाय. दोघांनी थोडा वेळ खुर्ची ओढली. मग मांडीवर पसरलेला पांढराशुभ्र रुमाल त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि मेहुण्यानं तो टेबलाखालून परत काढून घेतला. वेटर मराठीच होता. त्यानं अदबीनं विचारलं, “सर, सगळं ठीक?”

“काटा चोख आहे ना?” तात्यांनी विचारलं. जन्मभर सभासदांनी त्यांना हाच प्रश्न विचारला होता, आता त्यांची पाळी होती.

वेटरनं ताटाशेजारचा काटा उजेडात धरून पाहिला आणि मुकाट्यानं दुसरा आणून ठेवला.

बुफे म्हणजे काय, हे तात्यांना समजावून सांगायची वेळ आली नाही. त्यांनी मागे हात बांधून त्या लांबलचक टेबलाची आधी पाहणी केली. सुरुवातीला पानंच पानं होती : हिरवी, जांभळी, कुरळी, वर कसलंसं आंबट तेल. “हे वाढं आहे,” त्यांनी निकाल दिला, “बैलांपुढे टाकायचं.” आणि पुढे सरकले. मी मात्र शिष्टाचार म्हणून त्याचंच ताट भरलं, आणि भूक निम्मी तिथंच घालवली. हॉटेलवाले पाला सगळ्यात आधी मांडतात तो उगाच नाही, हे मला कळतं; फक्त ताट भरून झाल्यावर कळतं.

तात्यांचा हंगाम शिस्तीत चालला. पहिली फेरी ती लागण. तिच्यात त्यांनी झाकणाखालची प्रत्येक वस्तू चमचाभर घेतली. नाव विचारलं नाही, चव विचारली. उंच टोपीवाला आचारी समोर उभा राहून पास्ता परतून देत होता. त्याला त्यांनी तिखट वाढवायला सांगितलं. त्यानं वाढवलं. आणखी वाढवायला सांगितलं. शेवटी त्यानं बरणीच पुढे केली.

दुसरी फेरी खोडव्याची. “खोडव्याला खर्च कमी आणि उतारा चांगला,” असं म्हणत त्यांनी पहिल्या फेरीत आवडलेले तीनच पदार्थ घेतले. त्यांत मेंढीचं मटण होतं आणि ते खरंच सुरेख होतं. इथवर मी त्यांच्या बरोबरीनं होतो. तिसऱ्या फेरीला मी उठू लागलो, तर त्यांनी मनगट धरून खाली बसवलं. “निडव्यात राम नसतो, जावईबापू. रान मोकळं करायचं.”

रान गोडासाठी मोकळं करायचं होतं. एक टन उसातून शंभर किलोच्या वर साखर निघते, त्यातली काही तरी इथं दिसली पाहिजे, असा त्यांचा रोख होता. पण गोडाच्या टेबलावर सगळंच चिमुकलं : अंगठ्याएवढी टार्ट, काचेच्या टोपणात दोन चमचे मूस. आणि मधोमध एका केकपुढे पाटी, ‘शुगर फ्री’.

तात्या त्या पाटीपुढे किती तरी वेळ उभे होते. लोणी-प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे शेअर गोळा केले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, १९५० साली चाकं फिरली. महाराष्ट्रातल्या सहकारातला पहिला साखर कारखाना तो. त्यानंतर अख्ख्या उत्तर नगरनं पाट, कर्ज, निवडणुका आणि भांडणं जी काय केली, ती साखरेपायी केली. आणि त्याच जिल्ह्याच्या नावाच्या रस्त्यावर साखर नसल्याची जाहिरात?

“हे सहकारी चळवळीच्या मुळावर आलंय,” ते म्हणाले, आणि त्याच केकचे दोन तुकडे घेऊन बसले. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. माई समोरच होत्या.

बिल आलं. मेहुण्यानं कार्ड काढण्याआधी तात्यांनी चष्मा काढला. उसाच्या बिलातून तोडणी-वाहतूक कापतात, सोसायटीचं कर्ज कापतात, आणखी काय काय कापतात. सभासद बोंबलतात, पण खाली उरतं ते वरच्यापेक्षा कमी असतं. खालचा आकडा वरच्यापेक्षा मोठा असलेलं बिल पाहून त्यांनी अठरा टक्के कशाचे म्हणून विचारलं. खालच्या सुरात मी जीएसटीची मेख सांगितली : साध्या हॉटेलात जेवणावर पाच टक्के, पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, तिथल्या जेवणाला अठरा.

“आपण खोली घेतली होती?”

“नाही.”

“कुणी झोपलं होतं?”

माई पास्त्यानंतर जरा पेंगल्या होत्या, पण ते आम्ही सांगितलं नाही. “मग वरच्या मजल्यावर गादी कितीची, यावरून खालच्या वरणाला कर?” तात्यांनी वेटरकडे पाहून विचारलं. त्या पोरानं ‘सॉरी सर’ म्हटलं. जणू गादी त्यानंच घातली होती. तात्यांनी निघताना त्याच्या हातात पन्नासाची नोट दाबली आणि मला सांगितलं, “हमाली. ही देशात सगळीकडे लागते.”

परतीच्या वाटेवर रांजणगावच्या पुढे रसवंती दिसली. नाव अर्थात कानिफनाथ. तात्यांनी मढीच्या दिशेनं हात जोडले आणि गाडी थांबवायला लावली. माई काही बोलण्याआधीच ते चरकापाशी पोचले होते. घुंगरं वाजत होती. त्यांनी मोळीतला एक ऊस उचलून पेरं मोजली, हातानं तोलला, ग्लासचा भाव विचारला. वीस रुपये. पुन्हा ओठ हलू लागले.

“टनाला निम्मा रस धरला तरी पाचशे लिटर,” ते म्हणाले. “लिटरमागे पाच ग्लास. अडीच हजार ग्लास. पन्नास हजार रुपये!” त्यांनी रसवंतीवाल्याकडे असं पाहिलं, जसं ते कारखान्याच्या चेअरमनकडेही कधी पाहत नसत. “टनाला पन्नास हजार! आणि आपण एफआरपीसाठी रस्ते अडवतो.”

“तात्या, शुगर,” मेहुणा म्हणाला.

“अर्धाच घेतो. पण ए, बर्फ नको हां,” ते पोऱ्याला ओरडले. “बर्फ म्हणजे काटामारी!”